दुरुस्ती कोणी मांडली? कधी मांडली?



धाडस म्हणजे काय, हे सोलापूरला कोणी शिकवायला नको. 1930 साली या शहराने मार्शल लॉ अंगावर घेतला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे आपले चौघे फासावर चढले. संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठी माणसाने शंभराहून अधिक हुतात्मे दिले. छातीचा कोट करायला आपण कधी मागे सरलो नाही. पण एका विद्येत आपण कच्चे राहिलो, आणि ती विद्या म्हणजे कागदाची. दिल्लीत विधेयक कसे येते, समितीत कसे जाते, त्यातला एक शब्द कोण बदलतो आणि कोणत्या घटकेला बदलतो, हे आपण पाहत नाही. आपण रस्त्यावर असतो, आणि तिकडे कलम बदललेले असते!

म्हणाल, हे वकिलांचे काम, आम्हाला काय त्याचे? थांबा. मागावर उभ्या असलेल्या माणसाला हे समजायला वकील लागत नाही. बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायदा 1946 साली झाला. त्या कायद्याखाली मालकाला ठरलेल्या बाबींत फेरफार करायचा तर आधी बदलाची नोटीस द्यावी लागे. आता समजा, नोटीस दिली एका बदलाची, कामगारांनी मत दिले त्या बदलावर, आणि अंमल झाला भलत्याच बदलाचा. तुम्ही काय म्हणाल? "ज्याच्यावर आम्हाला विचारलंत ते हे नव्हेच!" असेच म्हणाल ना? नेमके हेच 1956 साली साऱ्या मुंबई राज्याच्या बाबतीत घडले.

तो इतिहास तारखेवार ध्यानात ठेवा. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 साली विदर्भ वगळून द्विभाषिक मुंबई राज्य सुचवले. ते मराठी जनतेने नाकारले. मग तीन राज्यांचा तोडगा निघाला: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर वेगळे. 16 जानेवारी 1956 रोजी पंडित नेहरूंनी रेडिओवरून सांगितले, मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार. मुंबई पेटली, गोळ्या चालल्या. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी त्या जुलैत राजीनामा दिला. त्यांच्या तक्रारीचे एक टोक कार्यपद्धतीचेच होते: मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाने रीतसर विचार करण्याआधीच जाहीर झाला, असे त्यांचे म्हणणे होते. नेहरूंनी ते मानले नाही. पण बघा, देशाच्या अर्थमंत्र्यालासुद्धा 'रीत पाळली का?' हा प्रश्न खुर्ची सोडण्याइतका मोठा वाटला.

आता विधेयकाकडे या. घटनेचे कलम 3 सांगते की राज्याची हद्द बदलणारे विधेयक मांडण्याआधी राष्ट्रपतींनी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवले पाहिजे. 1955 च्या डिसेंबरात पाचवी घटनादुरुस्ती झाली आणि हे मत ठरलेल्या मुदतीत दिले पाहिजे, असे कलमात आले. त्याप्रमाणे राज्य पुनर्रचना विधेयक मुंबईच्या विधिमंडळापुढे आले. त्यात तीन तुकडे होते. चर्चा झाली ती तीन तुकड्यांवर. 18 एप्रिल 1956 रोजी विधेयक लोकसभेत मांडले गेले. मग दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समिती बसते बंद दाराआड. एकेक कलम घेते, सभासद दुरुस्त्या सुचवतात, मते पडतात, ज्याला पटले नाही तो अहवालाला आपली मतभेदपत्रिका जोडतो. 16 जुलैला समितीचा अहवाल आला. तोवर मुंबई वेगळीच होती.

आणि ऑगस्ट उजाडला! निरनिराळ्या पक्षांच्या खासदारांनी नवा तोडगा पुढे केला आणि लोकसभेत दुरुस्ती आली. तीन तुकडे नकोत, एकच मोठे द्विभाषिक राज्य करा. मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र, कच्छ, सगळे त्यात घाला. कलम 8 चा सारा अर्थ फिरला. विधिमंडळाकडे हा नवा नकाशा परत गेला नाही. समितीकडेही गेला नाही. लोकसभेने मंजूर केला, राज्यसभेने केला, 31 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, 1 नोव्हेंबरला अंमल सुरू. मराठी माणसाला विचारले नाही तसे गुजराती माणसालाही विचारले नाही. 8 ऑगस्टला अहमदाबादेत पोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या ह्याच दुरुस्तीपायी.

कोणी विचारील, पहिला मसुदा तरी तुम्हाला कुठे गोड लागला होता? मुंबई तोडणारा तो मसुदा आपल्याला कदापि मान्य नव्हता. दुरुस्तीने निदान मुंबई राज्यात राहिली, असे म्हणणारेही तेव्हा होते. ते खोटे नाही. पण आमचा मुद्दा निराळा आहे. कडू असो की गोड, ताटात काय वाढणार ते जेवणाऱ्याला आधी सांगितले पाहिजे.

हा वाद कोर्टातही गेला. बाबूलाल पराते यांनी दाद मागितली की विधिमंडळाला विचारले एका विधेयकावर आणि पास केले दुसरेच, म्हणून कायदा घटनाबाह्य आहे. 28 ऑगस्ट 1959 रोजी सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली. कोर्ट म्हणाले, विधेयक एकदा विधिमंडळाकडे धाडले की अट पुरी झाली. पुढे संसदेत रीतसर दुरुस्ती झाली तर दर वेळी ते परत धाडण्याची गरज नाही. शिवाय विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारकही नाही.

कोर्टाच्या बोलण्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. एकेका स्वल्पविरामासाठी विधेयक परत पाठवले तर कायदा जन्मात होणार नाही. अडवणूक करणाऱ्याला तेच हवे असते. दुरुस्ती विधेयकाच्या कक्षेतली हवी, हा सभागृहाचा नियम आहेच. पण विधेयकाचे नावच 'राज्य पुनर्रचना'! त्याच्या कक्षेत काय बसणार नाही? स्वल्पविराम बदलणे आणि सारे राज्य बदलणे, दोन्ही एकाच मापाने मोजायचे का, एवढाच आमचा सवाल आहे. आणि सभागृहातली रीत चुकली एवढ्याच कारणावरून कोर्टाने आत डोकावू नये, असे घटनेचे कलम 122 म्हणते. म्हणजे तिथल्या रीतीवर नजर ठेवायची तर ती आपण ठेवायची, दुसरे कोणी ठेवणार नाही.

ही दुधारी तलवार आहे, हेही विसरू नका. सोलापूरच्या पद्मशाली विणकरांची मुळे ज्या तेलंगणात आहेत, ते राज्य 2014 साली ह्याच कलम 3 ने झाले. आंध्रच्या विधानसभेने 30 जानेवारीला विधेयक नाकारले. लोकसभेने 18 फेब्रुवारीला ते मंजूर केले. विधिमंडळाचा नकार बंधनकारक असता तर तेलंगण झाले असते का? आणि 1 मे 1960 चा महाराष्ट्रसुद्धा संसदेच्या कायद्यानेच झाला. 1957 च्या निवडणुकीत मतपेटीतून दिलेला तडाखा त्यामागे होता, पण शेवटी मुंबई पुनर्रचना कायदा पास व्हावा लागला. रेट्याला कागद लागतो, आणि कागदाला रेटा लागतो.

सोलापूरला हे आज कशाला सांगायचे? जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून बंद पडल्या. त्या भोंग्यांवर उठणारे आता म्हातारे झाले, पोरे यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल काढतात. सीमेचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. 1956 च्या त्याच कायद्याने चंदगड सोडून बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला. 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. बेळगाव तिकडेच ठेवले, 264 गावे महाराष्ट्राला सुचवली, आणि 247 गावे तिकडे द्या म्हणून सांगितले. त्या गावांत अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरची गावे होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, 2004 साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, 27 डिसेंबर 2022 रोजी 865 गावांसाठी विधिमंडळाने एकमताने ठराव केला. ठराव चांगला. पण ठरावाने हद्द हलत नाही, कायद्याने हलते. उद्या तसे विधेयक आलेच, तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाला विचारतील ते पहिल्या मसुद्यावर. नंतरच्या एका दुरुस्तीत कोणते गाव आत आले, कोणते बाहेर गेले, हे परत विचारण्याची सक्ती कोणावर नाही. त्या यादीत तुमचे गाव असेल, तुमच्या शेजारच्या मागावरच्या कानडी भावाचेही असेल. त्याच्याशी आमचे भांडण नाही. न विचारता हद्द फिरवली तर तोही फसेल आणि आपणही फसू.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. एक, ज्या दुरुस्तीने एखाद्या मुलखाचे राज्यच बदलते, ती त्या राज्याच्या विधिमंडळाकडे परत गेलीच पाहिजे. मुदत ठरवून द्या, पंधरा दिवसांची द्या, पण विचारा. मुदत घालण्याची सोय कलम 3 मध्ये 1955 पासून आहे. दोन, असे विधेयक समितीत गेले की तिचा अहवाल आणि मतभेदपत्रिका मराठीत छापून गावोगाव मिळाल्या पाहिजेत. तीन, आपल्या खासदाराने भाषणाचे कात्रण दाखवून भागणार नाही. कोणत्या कलमाला कोणती दुरुस्ती दिली, कोणत्या दिवशी दिली, मत पडताना तो कुठे बसला होता, याचा हिशेब त्याने जाहीर सभेत द्यावा.

तिसरी मागणी पुरी करायला दिल्लीची परवानगी लागत नाही, तुमचे तोंड लागते. पुढच्या सभेत पुढारी व्यासपीठावर चढला की हारतुरे होऊ द्या, भाषण होऊ द्या. मग उभे राहून एकच विचारा: "साहेब, दुरुस्ती कोणी मांडली? कधी मांडली? आणि तुम्ही हात कोणत्या बाजूला वर केला?" उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका!