शब्द काय कुणाच्या बापाचे?

एम.ए.च्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. इंग्रजीचा तास. मी उभा राहून वाचत होतो. एक शब्द आला, मी म्हणलं, ‘हायपरबोल’. वर्ग फिस्सकन हसला. मास्तरही गालात हसले. ‘हायपर्बली!’ मागून कुणीतरी उपकार केल्यासारखं दुरुस्त केलं. शब्दाचा अर्थ मला पाठ होता, अतिशयोक्ती. तो कुणी विचारलाच नाही.

त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. आयरनी, पॅरडॉक्स, एपिस्टेमॉलॉजी, डायलेक्टिक. हे शब्द शर्टाखालच्या जानव्यासारखे. दाखवायचे नाहीत, पण कुणाकडं आहेत ते सगळ्यांना ठाऊक.

मग लायब्ररीत बसून एकेका शब्दाची साल काढायला लागलो. आत साला भलतंच निघालं. ‘मेटाफर’ म्हणजे मूळ ग्रीकात इकडचं तिकडं वाहून नेणं. ग्रीसमध्ये आजही सामान वाहणाऱ्या ट्रकांवर हा शब्द रंगवलेला असतो. माझा बाप वाशीच्या दाणाबाजारात पोती वाहतो. मला हा शब्द कळायला कुठल्या पंतोजीची गरज होती? ‘आयरनी’ आली ग्रीक नाटकातल्या एका पात्रावरून. स्वतःला कमी दाखवून बढाईखोराची हवा काढणारा गडी. आपल्या तमाशातला सोंगाड्याच की! आणि रेटरिक? जुनी परंपरा सांगते, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिलीच्या सायराक्यूजमध्ये हुकूमशहा पडले, त्यांनी लुबाडलेल्या जमिनी परत मागायला लोक कोर्टात उभे राहिले, आणि तिथं बोलायचं कसं हे शिकवणारे निघाले. म्हणजे जमिनीच्या भांडणातलं हत्यार. आमच्या वर्गात ते मखरात बसवलेलं.

मला सगळ्यात कामाला आला तो ‘एन्थिमीम’. अॅरिस्टॉटलनं त्याचं शास्त्र मांडलं. (हाच अॅरिस्टॉटल काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असंही लिहून गेला. हत्यार घ्यावं, पाया पडू नये.) एन्थिमीम म्हणजे असा युक्तिवाद, ज्यातलं एक वाक्य बोलणारा गिळतो आणि ऐकणारा आपल्या डोक्यातून भरतो. ‘कोट्यातून आलाय, हा कसला डॉक्टर?’ गिळलेलं वाक्य कुठलं? प्रवेशाच्या वेळचे मार्क म्हणजेच जन्मभराचं कसब. ते मोठ्यानं म्हणून दाखवा, बोलणाराच गडबडतो. कारण एमबीबीएस पास व्हायची परीक्षा सगळ्यांना एकच असते. ‘खोली फक्त व्हेजवाल्यांना.’ ‘मुलगी चांगल्या घरातली पाहिजे.’ शोधा, काय गिळलंय. शहरातली जात अशीच गिळलेल्या वाक्यात राहते.

दुसरा शब्द जिभेला अवघड, ‘नॉमिनलायझेशन’. क्रियापदाचं नाम करून टाकणं. पेपरात छापतात, ‘गटारात गुदमरून कामगारांचा मृत्यू’. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवलंय. मग उतरवलं कुणी? ‘मृत्यू’ हे नाम आलं की उतरवणारा वाक्यातून पसार.

आता आपल्यातल्यांनाही दोन शब्द. काही जण युनिव्हर्सिटीतून येतात आणि वस्तीच्या मिटिंगात ‘सबअल्टर्न’, ‘हेजेमनी’ फेकतात. म्हाताऱ्या बाया एकमेकींकडं बघत बसतात. ग्राम्शीनं मुसोलिनीच्या तुरुंगात या शब्दांवर डोकं झिजवलं, यांनी त्याचं अत्तर करून अंगाला लावलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, मोठमोठ्या विद्वानांपुढं बसले. पण जातीची शिडी पकडली ती ‘ग्रेडेड इनइक्वॅलिटी’ अशा दोन शब्दांत. दोन्ही शब्द शाळकरी पोरालाही समजावता येतात. जोतिबांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’ला इंग्रजी प्रस्तावना जोडली, आणि आतलं सगळं पुस्तक धोंडिबाबरोबरच्या सवाल-जबाबात लिहिलं. कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर रविवारी संध्याकाळी विहारात आम्ही सात-आठ जण बसतो. एक अग्रलेख घेतो आणि गिळलेली वाक्यं शोधतो. उच्चाराला कुणी हसत नाही. येताना डिक्शनरी घेऊन या. आमच्याकडं एकच आहे, आणि तिची शेवटची पानं फाटलीत.