पितळ मिसळते, प्लास्टिक का नाही?

भंडारा शहराची ओळख पितळेच्या भांड्यांची. आमच्या जिल्ह्यात जुन्या घरांत आजही माळ्यावर एखादा पितळी बधना निघतो. त्याची जागा वजूसाठी आता प्लास्टिकच्या लोट्याने घेतली आहे. हलका, स्वस्त, पण तोटीच्या मुळाशी तडकतो. तडकण्याची कारणे अनेक: ऊन, पातळ पत्रा, घाईत केलेला साचा. एक कारण मात्र सहसा कुणी सांगत नाही. भंगारातून गोळा केलेली वेगवेगळी प्लास्टिके एकत्र वितळवली, म्हणजे ती मिसळली असे होत नाही.

पितळेचे तसे नाही. तांब्यात साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जस्त घातले तरी ते पूर्ण विरघळून जाते, वेगळे राहत नाही. प्लास्टिक हे पॉलिमर, म्हणजे हजारो दुव्यांच्या लांब साखळ्या. तसबीहचे सुटे मणी दोन रंगांचे असले तरी वाटीत हलवताच मिसळतात. तेच मणी हजार-हजारांच्या माळांत ओवलेले असतील तर? माळा आपापल्या घोळक्यातच राहतात. साखळी लांब असली की मिसळण्याची ओढ किती कमी होते, याचे गणित १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरी आणि हगिन्स या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडले. पॉल फ्लोरी यांना १९७४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग खरोखर मिसळले की नाही, हे ओळखायचे कसे? पहिली परीक्षा नजरेची. पॉलिस्टायरिन काचेसारखे स्वच्छ, अ‍ॅक्रिलिकही तसेच. दोन्ही एकत्र वितळवले की दुधाळ होतात. आत एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात अडकलेले असतात आणि प्रकाश त्यांच्यावर विखुरतो. पण नजरेवर फार विसंबू नये. दोन्ही पदार्थ प्रकाश सारखाच वाकवत असतील, तर न मिसळलेले मिश्रणही स्वच्छ दिसते.

म्हणून प्रयोगशाळेत काही मिलिग्रॅमचा तुकडा हळूहळू तापवतात. कडक प्लास्टिक एका ठरावीक तापमानाला मऊ पडू लागते. पॉलिस्टायरिन सुमारे १०० अंश सेल्सिअसला, तर पॉलिफेनिलीन ऑक्साइड नावाचे दुसरे प्लास्टिक सुमारे २१० अंशांना. या दोघांच्या मिश्रणात मऊ पडण्याचे एकच तापमान मिळते, दोन्हींच्या मधले. म्हणजे जोडी जमली. न जमलेल्या मिश्रणात दोन्ही तापमाने आपापल्या जागी वेगळी दिसतात. गंमत अशी की पॉलिस्टायरिन आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही शंभराच्या आसपासच मऊ पडतात. तिथे ही परीक्षा गोंधळते आणि दुधाळपणाच खरे सांगतो.

जमलेल्या जोड्या थोड्याच. धानाचे विणलेले पोते पॉलिप्रोपिलीनचे, दुधाची पिशवी पॉलिथिनची. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनशिवाय काही नाही, अगदी सख्खी भावंडे. तरी एकमेकांत विरघळत नाहीत. दोघांच्या सीमेवर पकड कच्ची राहते आणि भार आला की भेग तिथूनच धावते. कारखानदार कधी दोघांशीही नाते असलेला तिसरा पदार्थ घालून ही पकड वाढवतात. सोयरीक जुळवणारा मध्यस्थच म्हणा! पण त्याला पैसे पडतात, आणि स्वस्त लोट्यात तो कोण घालणार?

त्यापेक्षा वेगळे करणे सोपे. मुलांना एक प्रयोग जरूर करू द्या. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि झाकणाचा एक तुकडा कापून, बुडबुडे झटकून, बादलीत टाका. बाटलीचा बुडेल, झाकणाचा तरंगेल. बाटलीचे प्लास्टिक वितळायला सुमारे २५० अंश लागतात, झाकणाचे १३० ते १६५ अंशांत वितळते. एका भट्टीत दोघांचे जमणार कसे? जाळून वास घेण्याची परीक्षा मात्र घरात नको. तुकडा पीव्हीसीचा निघाला तर आम्लाचा धूर निघतो.

भंगारवाल्याला देताना आम्ही बाटल्या, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या आणि जाड डबे वेगवेगळे बांधतो. डब्यांच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो: २ म्हणजे जाड पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. हे दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे बादली इथे उपयोगाची नाही. आकडाच वाचावा लागतो.