कार्ड नको म्हणणारे दंड मात्र भरतात

आपल्याकडे क्रेडिट कार्डाचा विषय निघाला की दोन वाक्यांत संपतो. 'ते व्याजाचे काम आहे' हे पहिले. 'तुमच्यासारख्या आयटीवाल्यांचे ठीक आहे' हे दुसरे. मी आयटीवालाच आहे, पुण्यात नोकरी करतो, आणि ही दोन्ही वाक्ये मला मान्य नाहीत. ती बोलणारे काका-मामा तरुणांना व्याजापासून वाचवत नाहीत, जास्त महाग पैशाकडे ढकलतात.

नात्यातल्या एका मुलाच्या खात्याचा उतारा मी पाहिला. पगार आठ तारखेला, दुचाकीचा हप्ता पाच तारखेला. महिनाअखेरीस किराणा, पेट्रोल आणि वीजबिल यात खाते रिकामे. दोनशे रुपये कमी पडले म्हणून हप्ता परत गेला. त्याच्या बँकेने दंड लावला, त्यावर जीएसटी लावला, कर्ज देणाऱ्या कंपनीने आपला दंड वेगळा लावला. दोनशेच्या तुटीसाठी आठशेच्या वर गेले. असे वर्षातून तीनदा झाले. 'व्याज नको' म्हणणाऱ्या घरात याला कोणी व्याज म्हणत नाही, 'चार्जेस' म्हणतात. शब्द बदलला म्हणजे पैसे खिशात राहिले असे होत नाही.

हाच किराणा आणि पेट्रोल कार्डावर गेले असते तर पैसे खात्यात राहिले असते आणि पाच तारखेचा हप्ता सुटला असता. कार्डाचे बिल महिन्यातून एकदा बनते आणि ते भरायला पुढे साधारण अठरा-वीस दिवस मिळतात. बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खर्चाला जवळजवळ पन्नास दिवस. पूर्ण रक्कम मुदतीत भरली तर व्याज शून्य. ओव्हरड्राफ्टमध्ये मात्र पैसे उचलल्या दिवसापासून मीटर सुरू होते. पगार आणि हप्ता यांच्यातली तीन दिवसांची फट बुजवायला कार्ड पुरते, एवढाच माझा दावा आहे. पगार वाढल्याचा आभास निर्माण करायला ते पुरत नाही.

दुसरा मुद्दा पत. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याला स्कोअरच नसतो. आपली सरळमार्गी माणसे नेमकी इथे अडकतात. तीस वर्षे उधारी वेळेवर फेडली, पण ती वाण्याच्या वहीत. बँकेच्या लेखी तो माणूस कोरा. मग दुकानासाठी पैसे लागले की सोने गहाण, नाहीतर मोबाईलवरचे कर्जाचे ॲप. बँक कार्ड देत नसेल तर मुदत ठेवीवर मिळते, ठेवीच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्के मर्यादेचे. (ठेवीच्या व्याजाचे काय, असे विचाराल. बचत खात्याचे व्याज बाजूला काढून गरजूंना देणारी किती घरे आहेत हे तुम्हालाच माहीत आहे.) मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा. थकबाकी नोंदली जाते, म्हणून जास्त खर्च झाला असेल तर बिल बनण्याआधीच थोडे भरून टाकावे.

आता विरोधकांचे खरे म्हणणे. करारात व्याजाचे कलम असते, आणि पूर्ण भरणाऱ्यालाही तो करार करावा की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला ते पटत नाही त्याने कार्ड घेऊ नये, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण दुचाकीचे कर्ज व्याजाने घेऊन कार्डावर मात्र तत्त्व सांगणाऱ्यांशी आहे.

आणि मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्यांशीही आहे. बिलावर ठळक अक्षरांत 'किमान देय' छापलेले असते. वीस हजारांच्या थकबाकीवर किमान देय पाच टक्के, म्हणजे हजार रुपये. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज सातशे, त्यावर जीएसटी १२६. हजार भरले, मुद्दल घटले १७४. शिवाय नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे अनुचित ठरवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे ही आकडेमोड आपली आपणच करायची. ज्याची मिळकत दर महिन्याला खर्चापेक्षा कमीच पडते त्याने कार्डाच्या वाटेला जाऊ नये, आणि एटीएममधून कार्डावर रोकड कोणीच काढू नये.

सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवले की काही बँका विशिष्ट वस्त्या 'निगेटिव्ह झोन' ठरवून तिथे कर्ज देणे टाळतात. वस्तीच्या नावावर नकार देणाऱ्यापुढे ठेवायला हातात काय असते? भावना असतात, कागद नसतो. वेळेवर फेडीचा दोन-तीन वर्षांचा अहवाल हा तो कागद आहे. अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून मोफत मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे. आणि कार्डाचा अर्ज फेटाळला तर नेमके कारण लेखी देणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. शाखेतला साहेब 'सिस्टीम घेत नाही' म्हणाला तर उठून येऊ नका, तेच वाक्य कागदावर लिहून मागा.