समाधानाला गोल करा

परवा कॉलेजात एक फॉर्म आला. 'आपण आपल्या नोकरीत कितपत समाधानी आहात?' एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल करायचा. आणि वर नाव, विभाग, एम्प्लॉयी कोड! नॅकसाठी फाईल तयार हवी ना. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सगळ्यांनी निमूटपणे चार नाहीतर पाचला गोल केला. मीही केला. तीन महिन्यांचा पगार थकलेला असताना...

घरी येताना वाटलं, आपण खोटं लिहिलं का? गंमत म्हणजे पूर्ण खोटं नव्हतं. त्याच सकाळी मागच्या बाकावरच्या एका मुलाला बेंडिंग मोमेंटची आकृती पहिल्यांदा नीट जमली होती. "सर, एवढंच होतं होय!" म्हणाला. अख्खा दिवस चांगला गेला माझा.

हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली हेच मांडलं. समाधान कामातून येतं, तर असमाधान पगार, धोरणं, वरिष्ठांची वागणूक यांतून. एक दुसऱ्याच्या उलट नाही, दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात. माझी तक्रार अशी की, आमच्या संस्थेला हे हर्झबर्ग न वाचताच कळलंय. मास्तर वर्गात रमतो, म्हणजे पगार लांबला तरी चालतो!

नातेवाईक म्हणतात, "काय बुवा, दोन दोन महिने सुट्टी!" त्या सुट्टीत आम्ही बारावीच्या मुलांच्या घरी फोन करत असतो, 'आमच्याकडे ॲडमिशन घ्या' म्हणून. प्रत्येकाला टार्गेट असतं. १९८३ साली वसंतदादांच्या काळात राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, आणि खेड्यापाड्यातली कितीतरी मुलं इंजिनिअर झाली, हे मान्यच. पण पगार फीमधून येणार, म्हणजे जागा रिकाम्या राहिल्या की पहिली झळ मास्तरालाच. त्यात २०१८ मध्ये एआयसीटीईने एका शिक्षकामागे १५ मुलांऐवजी २० चालतील असं ठरवलं. २४० मुलांना आधी १६ शिक्षक लागायचे, आता १२ पुरतात. उरलेल्या चौघांचे तास कोण घेतं, हे सांगायला नकोच.

माझं म्हणणं एवढंच. आम्हाला समाधानाबद्दल विचारूच नका. ते आमचं आम्ही वर्गात मिळवतो. त्यापेक्षा फॉर्मवर तीनच प्रश्न ठेवा. पगार किती तारखेला होतो? ओरिजिनल सर्टिफिकेट्स तुमच्याकडे आहेत की ऑफिसच्या कपाटात? आठवड्याला किती तास घेता? आणि हो, वर नाव लिहायला लावू नका.

असो. पाचला गोल करणारा मीच, त्यामुळे फार बोलायचा हक्क नाही. पण पुढच्या वेळी निदान दोनला करायची हिंमत व्हावी, एवढीच इच्छा. तुमच्यापैकी कुणी शिकवत असाल तर खरं सांगा, तुम्ही कितीला गोल केला असता?