मॅगझिनला क्रमांक का नसावा?

काही वर्षांपूर्वी एका केंद्रीय दलात वित्त सल्लागार म्हणून काम करीत असताना माझ्या मेजावर एक लहानशी नस्ती आली. ९ मिमी पिस्तुलांची जी लांब, म्हणजे नेहमीपेक्षा अधिक काडतुसे मावणारी मॅगझिने त्या दलाकडे होती, त्यांच्या स्प्रिंगा बदलून मिळाव्यात, एवढीच मागणी होती. रक्कम किरकोळ होती. मी टिपणी लिहिली : 'पिस्तुले सुस्थितीत असल्याचा वार्षिक पडताळणीचा दाखला नस्तीत जोडलेला आहे, मग स्प्रिंगांची आवश्यकता कशी उद्भवते, हे स्पष्ट करावे.' नस्ती परत गेली, ती पुन्हा आली नाही. टिपणी बिनतोड होती, असे मला तेव्हा वाटले होते.

पुढे एका चांदमारीला पाहुणा म्हणून बसण्याचा योग आला. समोरच्या रांगेत दर थोड्या वेळाने कुणीतरी हात वर करी. गोळी अडकलेली असे. पिस्तूल आर्मररकडे जाई, तो दुसरे मॅगझिन लावून चारदोन फैरी झाडी, पिस्तूल ठणठणीत चाले आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येई. अडकलेले मॅगझिन मात्र बाकीच्यांच्या ढिगात जाऊन पडे. कोतवर नेमलेले हवालदार सातारा जिल्ह्यातले होते. मराठी कानावर पडल्यामुळे मोकळे झाले आणि म्हणाले, "साहेब, पिस्तूल आजारी नाही, मॅगझिन आजारी आहे. कुठलं आजारी ते मला हाताला कळतं. पण उद्या माझी बदली झाली की कुणाला कळायचं?"

मॅगझिन ही वरकरणी अगदी साधी वस्तू आहे : एक पेटी, एक स्प्रिंग, स्प्रिंगच्या माथ्यावर काडतुसे उचलणारी पट्टी, आणि वरचे काडतूस धरून ठेवणारे पत्र्याचे दोन ओठ. गोळी सुटली की पिस्तुलाची स्लाइड मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस ढकलून नेते. पापणी लवायच्याही आत स्प्रिंगने सबंध रांग वर उचललेली असली पाहिजे. ग्लॉक १७ च्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये १७ काडतुसे असतात, लांब मॅगझिनमध्ये ३३. म्हणजे उचलायचे वजन जवळजवळ दुप्पट, स्प्रिंगचा प्रवासही तितकाच लांब. शिवाय पिस्तुलाच्या अशा मॅगझिनमध्ये दोन रांगा वर येता येता एकीत मिसळतात. त्या अरुंद गळ्यात घर्षण असते, आणि धूळ गेली की ते वाढते.

म्हणून अडथळा कितव्या गोळीला आला, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. पूर्ण भरलेले मॅगझिन नीट बसत नसेल किंवा पहिल्याच गोळ्यांना अडत असेल, तर ते ठासून भरले आहे. एकदोन काडतुसे कमी भरून पाहावे. शेवटच्या दोनतीन गोळ्यांना अडत असेल, किंवा मॅगझिन रिकामे होऊनही स्लाइड मागे थांबत नसेल, तर स्प्रिंग थकली आहे. दर वेळी मधल्या ठरावीक जागी अडत असेल, तर पेटीला पोचा आहे किंवा आत कचरा आहे. कशाचाच नेम नसेल तर ओठ पाहावेत. लांब मॅगझिन मुठीच्या खाली बरेच डोकावते, सिमेंटवर पडले की ओठ वाकतात, आणि डोळ्यांना ते दिसतही नाही. जुन्या मॅगझिनला केवळ लांब बूड जोडून स्प्रिंग पूर्वीचीच ठेवणे, ही तर खास आमची काटकसर. आणि मॅगझिन बदलूनही दोष त्याच पिस्तुलात राहिला, तरच पिस्तूल उघडावे. हे सारे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. कोणते मॅगझिन, कितवी गोळी, एवढी नोंद लागते.

हा काही आजचा रोग नाही. ब्रिटिश स्टेन गनच्या ३२ काडतुसांच्या मॅगझिनमध्येही दोन रांगांची एक होई, आणि जुने शिपाई त्यात मुद्दाम कमी काडतुसे भरीत. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये हायड्रिखच्या गाडीपुढे उभ्या राहिलेल्या गाब्चिकची स्टेन ऐन वेळी चालली नाही. का, यावर अजून वाद आहेत. पुढे पॅचेटने स्टर्लिंगसाठी ३४ काडतुसांचे वक्र मॅगझिन रचले, वर येणाऱ्या पट्टीला रूळ बसवले आणि दोन्ही रांगा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या. तीच स्टर्लिंग आपल्याकडे कानपूरला कार्बाइन म्हणून तयार झाली. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत इन्सास रायफलची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. लोकांच्या बोलण्यात मात्र बदनाम झाली ती रायफल.

आता हिशेबाकडे येऊ, कारण माझा अपराध तिथला आहे. सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार यंत्रसामग्री स्थावर स्वरूपाच्या मत्तेच्या नोंदवहीत जाते आणि देखभालीचे सुटे भाग उपभोग्य वस्तूंच्या. मॅगझिन यांपैकी कशात मोडते? व्यवहारात ते पिस्तुलाचा अवयव मानले जाते. पिस्तुलाला क्रमांक असतो, मॅगझिनची फक्त संख्या असते. पडताळणीच्या दिवशी संख्या जुळली की दाखला तयार. मॅगझिन झिजते हेच वहीला ठाऊक नाही, त्यामुळे त्याच्या स्प्रिंगसाठी पैसे मागणारा माणूस माझ्यासारख्याला संशयास्पद वाटतो. वस्तुतः स्प्रिंग ही उपभोग्य वस्तू आहे. वारंवार दबून-सुटून ती संपते, जशी मोटारीची टायरे संपतात. टायरांसाठी आपण खुलासा मागत नाही.

माझे म्हणणे इतकेच, की प्रत्येक मॅगझिनला क्रमांक द्यावा, चांदमारीच्या नोंदवहीत त्याचा एक रकाना असावा, सरावाची आणि ड्यूटीची मॅगझिने वेगळी ठेवावीत, आणि दोनदा अडलेले मॅगझिन स्प्रिंग बदलेपर्यंत ड्यूटीवर देऊ नये. २६ नोव्हेंबर २००८ नंतर नेमलेल्या प्रधान समितीने मुंबई पोलिसांच्या दारूगोळ्याच्या आणि सरावाच्या टंचाईकडे बोट दाखवले होते. जिथे मुळात सरावच कमी, तिथे आजारी मॅगझिन सापडायची संधीही कमी. ते प्रथम सापडते ते रात्रीच्या पहाऱ्यावर, ज्याच्या हाती ते असते त्याला. त्या शिपायाने माझी टिपणी वाचलेली नसते.

त्या हवालदारांनी माझ्या येण्याआधीच स्वतःच्या पैशाने पांढऱ्या रंगाची डबी आणून मॅगझिनांच्या बुडावर आकडे घातले होते, आणि एका शंभर पानी वहीत नोंदी सुरू केल्या होत्या. वर्षभराने तपासणी पथकाने त्यावर आक्षेप घेतला : शासकीय मालमत्तेवर अनधिकृत खुणा. आक्षेपाचा खुलासा वित्त शाखेमार्फत जायचा होता, म्हणून तो माझ्याकडे आला. या खेपेस मी नस्ती परत पाठवली नाही. वहीची छायाप्रत मागवली, खुलाशाला जोडली, आणि त्याच नस्तीत स्प्रिंगांच्या खर्चाला मंजुरी दिली.