पडसे आणि पेडर रोड

मुंबई हे बेट आहे ही गोष्ट मुंबईकराला आयुष्यात दोनदाच आठवते. एकदा प्राथमिक शाळेत सात बेटांची नावे पाठ करताना, आणि दुसऱ्यांदा जुलै महिन्यात, गुडघाभर पाण्यात उभे राहून घरी कसे पोचायचे याचा विचार करताना. एरवी आपण या शहराला सरसकट जमीनच समजतो. मला मात्र मुंबईचे हे बेटपण तिसऱ्यांदा आठवले, आणि तेही तळपायांनी. १९ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी पहाटे, माहीमच्या रेतीबंदरापासून थेट फोर्टापर्यंत मी अर्धी मॅरेथॉन धावले. नाकात पडसे होते, घशात काटे होते आणि हवेत जानेवारी असूनही असा दमटपणा होता की, सुती कापड नुसते धरले तरी ओले व्हावे.

'अर्धी' या शब्दाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही. आम्हा मराठी शिकवणाऱ्यांची ही खोडच आहे. खंडकाव्याला कोणी अर्धे महाकाव्य म्हणत नाही, मग एकवीस किलोमीटर धावणाऱ्या माणसालाच उरलेल्या अर्ध्याचा टोमणा का? बरे, ते एकवीसही धड एकवीस नाहीत. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून मैदानात राजघराण्याच्या सज्जासमोर संपवली, तेव्हा अंतर भरले बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंचाण्णव मीटर. पुढे १९२१ साली तेच कायम झाले. त्याचे अर्धे केले की एकवीस किलोमीटरांवर साडेसत्त्याण्णव मीटर उरतात. परक्या राजाच्या सोयीसाठी आखलेले हे साडेसत्त्याण्णव मीटर एक मराठीची अध्यापिका दादरला राहून वर्षभर डोक्यात घेऊन फिरत होती, हे कोणाला सांगून पटायचे नाही.

धावणे मी हौसेने सुरू केले नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्तातली साखर तपासली, तेव्हा डॉक्टरांनी कागदावरच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला. तो गोल पुसण्यासाठी मी शिवाजी पार्कला फेऱ्या मारू लागले. आधी चालत, मग दुडक्या चालीने. सोबतीला मुलगी येऊ लागली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि धावते तेव्हा तिचे पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नाहीत. माझी दोन फेऱ्यांत दमछाक व्हायची, तोवर ती चार फेऱ्या मारून कठड्यावर बसलेली असे. आम्ही दोघींनी नावे घातली. तिचे स्वप्न दोन तासांच्या आत पोचायचे, माझे पोचायचे. आणि शर्यत तीन दिवसांवर आली असताना, गुरुवारी, मला सटासट शिंका सुरू झाल्या.

मग घरात जी सभा भरली तिचे इतिवृत्त थोडक्यात देते. सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून माझ्या हातात दिली आणि सुंठ-गुळाची गोळी पुढे करत म्हणाल्या, "अगं, नाक वाहतंय तर पाय कशाला वाहवतेस?" ह्यांनी विनोद केला नाही. २०२४ सालच्या याच शर्यतीत दोन धावणारे दगावले होते; ती बातमी ह्यांच्या लक्षात होती. ती त्यांनी मला पुन्हा सांगितली नाही. फक्त "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही" एवढेच म्हणाले, आणि ज्या माणसाने आवाज चढवलेला नाही त्याच्याशी भांडता येत नाही.

डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती ऐकली, नाडी धरली. म्हणाले, "हे सगळं मानेच्या वरचं आहे. नुसतं नाक वाहतंय तोवर हळू धावायला हरकत नाही. पण ताप आला, अंग मोडून आलं, किंवा खोकला छातीत उतरला, तर घरी झोपायचं. तापात धावलं की कधीकधी तो विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतो, आणि त्या सुजेवर धावणं म्हणजे खेळ नव्हे. शनिवारी रात्री आणि रविवारी उठल्यावर थर्मामीटर लावा. मात्र तापाची गोळी घेऊन मग थर्मामीटर लावायचा नाही. ती कॉपी झाली." सर्दीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढते, काहींनी घाम कमी येतो, म्हणून त्याही बंद. दुखणे मारायच्या गोळ्यांनाही मनाई, कारण घामाने अंगातले पाणी उतरलेले असताना त्या मूत्रपिंडाला जाचतात. आणि वेग किती? "तास घेताना बोलता तेवढं बोलता आलं पाहिजे."

दोन्ही वेळा पारा नॉर्मल निघाला. ह्यांनी परवानगी दिली, पण शेवटच्या क्षणी तिला शेपूट जोडले. मुलीने शेवटपर्यंत माझ्याबरोबर धावायचे. मुलगी "हो" म्हणाली. लगेच म्हणाली, आनंदाने म्हणाली. पण एकोणीस वर्षे जो चेहरा पाहिला आहे, त्यावरून दोन तास कसे उतरून गेले ते मला दिसलेच.

पहाटे पाच वाजता माहीमला आम्ही हजारो लोकांत उभ्या होतो. माहीमशी आमच्या विषयाची जुनी ओळख. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' एम. ए.च्या वर्गात मी अनेकदा सांगितली आहे, पण महिकावतीहून धावत सुटण्याचा प्रसंग प्रथमच आला. लगेच माहीमचा कॉजवे लागला. इथे पूर्वी होडीने खाडी ओलांडावी लागे आणि होड्या उलटून माणसे बुडत. सरकार पैसे काढीना, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाईंनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले. १८४५ साली रस्ता खुला झाला. अट अशी की लोकांकडून टोल घ्यायचा नाही. या खाडीचा वास मुंबईत प्रसिद्ध आहे. आजूबाजूचे लोक नाकाला रुमाल लावत होते. मला कसलाच वास येत नव्हता. पडशाने माझ्यावर केलेला हा पहिला उपकार.

कॉजवे संपला की मुंबई बेट संपते आणि वांद्रे, म्हणजे साष्टी, सुरू होते. तिथून वळून आम्ही सागरी सेतूवर चढलो. २००९ साली उघडलेला हा साडेपाच किलोमीटरांहून अधिक लांबीचा पूल एरवी पायी चालणाऱ्याला बंद असतो. वर्षातून एक दिवस मात्र त्यावर पायांचा आवाज ऐकू येतो. मोटारींना इथे टोल पडतो. आवाबाईंची पुण्याई पायी येणाऱ्यांपुरती इथवर पोचली म्हणायची!

पुलावर अंधार होता, दोन्ही बाजूंना समुद्र होता, आणि वारा असेल ही माझी कल्पना साफ खोटी ठरली. घाम येण्याने माणूस थंड होत नाही, घाम वाळण्याने होतो. हवाच आधी पाण्याने भरलेली असली तर घाम वाळायचा कुठे? तो नुसता वाहतो, आणि आतली उष्णता आतच राहते. त्यात नाक बंद, म्हणून तोंडाने श्वास. घशाची पार सुरनळी झाली. शेजारी मुलगी धावत होती. धावत कसली, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी चालली होती. चार पावले पुढे जायची, मागे वळून पाहायची, पुन्हा माझ्या पायाला पाय मिळवायची. दर दहा मिनिटांनी विचारायची, "आई, छातीत काही?" मी म्हणे, "काही नाही." तिच्या मनगटावरचे घड्याळ तिने बाहीखाली सरकवलेले होते. मला ते दिसू नये म्हणून, की तिला स्वतःला दिसू नये म्हणून, कोण जाणे.

पुलाच्या वरळीकडच्या टोकाला एक चमत्कार घडला. अंग तापले की नाकातली सूज थोडा वेळ उतरते म्हणतात. तशी ती उतरली, आणि वरळी कोळीवाड्याकडून सुक्या बोंबलांचा वास भपकन आला. इतका सुंदर वास मी कित्येक दिवसांत घेतला नव्हता. मी लगेच मुलीला म्हटले, "आता तू जा."

"बाबांना काय सांगू?"

"आईनं पाठवलं म्हणून सांग."

"मी जाणार नाही. तुला नीट बोलता येतंय का, आधी ते बघू दे. एका दमात सात बेटं म्हण."

भर वरळी सी-फेसवर, धावता धावता, मी परीक्षा दिली. कुलाबा, धाकटी कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ, माहीम. माझगावला आवाज जरा चिरकला, पण दम तुटला नाही. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिले, माझ्या कमरेच्या पट्ट्यात फोन आहे ना ते चाचपून पाहिले, आणि गेली. दहा किलोमीटरांना आम्हाला जवळजवळ दीड तास लागला होता. तिचे दोन तास केव्हाच बुडाले होते. हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. तरी ती अशी सुटली की, मधल्या माणसांतून तिची वेणी दोन-तीनदा दिसली आणि दिसेनाशी झाली.

हाजी अलीला पोचेपर्यंत उजाडले होते. आज जिथे मोटारी धावतात तिथे पूर्वी वरळी आणि मुंबई यांच्यामधले खिंडार होते. भरतीला समुद्र त्यातून थेट आत शिरे. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा बांध घालायला घेतला. तो पुन्हा पुन्हा ढासळे. शेवटी रामजी शिवजी या प्रभू गृहस्थांना दृष्टांत झाला, खाडीतून देवीच्या मूर्ती वर काढल्या आणि बांध टिकला; त्याच महालक्ष्मीच्या मूर्ती, अशी कथा आहे. लोक त्या बांधाला 'वेलार्ड' म्हणत. तो शब्द कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला. हे सगळे मी मनाशी घोकत होते, कारण डाव्या पोटरीकडे लक्ष जाऊ द्यायचे नव्हते.

आणि मग पेडर रोडचा चढ आला. मोटारीत बसून हा चढ जाणवतही नाही. चौदा-पंधरा किलोमीटर पायांखाली गेल्यावर, ऊन मानेवर आल्यावर, तो भिंतीसारखा समोर उभा राहतो. दोन्ही बाजूंना रहिवासी उभे होते. कोणी संत्र्याच्या फोडी देत होते, कोणी बिस्किटे. मी चालू लागले. चढ निम्मा झाला आणि दंडावर काटा आला. उन्हात, घामाने निथळत असताना, अंगावर शहारा!

हा शहारा काय सांगतो ते मी वाचलेले होते. वाटेत औषधोपचाराचे टेबल होते, तिथे जाऊन मी खुर्चीत बसले. एक तरुण डॉक्टरीण होती. तिने ओला स्पंज माझ्या मानेवर ठेवला, नाडी मोजली, काखेत थर्मामीटर सरकवला. "मावशी, पाणी किती प्यायलात?" मी सांगितले, प्रत्येक टेबलावर एक पेला. "मग आता नुसतं पाणी नको. घामातून मीठ गेलं आणि वर पाणीच पाणी ओतलं, तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मग माणूस बरळायला लागतो." तिने मीठ-साखरेचे पाणी दिले. माझ्यासमोरून माणसे जात होती. पोटाळ गृहस्थ गेले, नऊवारी नेसलेल्या एक बाई गेल्या. मी दहा मिनिटे बसून राहिले आणि मला कोणाचाही हेवा वाटला नाही, हे जरा विशेषच. नाडी उतरली, पारा ठीक होता, शहारा गेला. ती म्हणाली, "चालत जा. पुन्हा काटा आला तर जिथं असाल तिथं बसायचं, गाडी येईल." मी हात जोडून कबूल केले.

उरलेला रस्ता मी चालले. केम्प्स कॉर्नरचा पूल, मुंबईतला हा पहिला उड्डाणपूल १९६५ सालचा, उतरताना गुडघ्यांनी तक्रार केली. चौपाटीवर समुद्र पुन्हा भेटला. मरीन ड्राइव्हवर सावली नावाची वस्तू नाही. एका बाजूला पाण्याची चकाकी, दुसऱ्या बाजूला पिवळट इमारती, आणि मध्ये आमची मिरवणूक. मी कठड्याच्या बाजूने, भाजी आणायला निघाल्यासारखी चालत होते. दोनदा थांबून हाताचे दंड पाहिले. काटा नव्हता. चर्चगेटच्या वळणावर एका अनोळखी मुलाने टाळ्या वाजवत "काकू, आता काही नाही राहिलं!" म्हणून सांगितले. राहिले होते; विंडसरचे साडेसत्त्याण्णव मीटर राहिले होते. तेवढे मात्र मी धावले.

आझाद मैदानात मुलगी सापडली. पदक गळ्यात, केस कपाळाला चिकटलेले, हातात अर्धे केळे. वरळीनंतरचे अकरा किलोमीटर तिने तासाभरात कापले होते. "आई, पेडर रोडवर मी एकदाही चालले नाही," एवढेच ती म्हणाली, आणि उरलेले केळे माझ्या हातात दिले. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. तिनेच घेतला.

"दोघी बरोबरच आहात ना?"

"हो बाबा," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "अगदी एकमेकींच्या शेजारी बसलोय."