आगरकरांचा अर्धा धडा

उंब्रजहून कराडकडे जाणाऱ्या सकाळच्या एस. टी. गाडीत महाविद्यालयात निघालेल्या मुली दिसतात, याचे आज कोणालाही नवल वाटत नाही. हे नवल न वाटणे हीच एका शतकाची कमाई होय. याच कराड तालुक्यात, कृष्णाकाठच्या टेंभू गावी १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. टेंभूचे नाव आज उपसा सिंचन योजनेमुळे सर्वतोमुखी झाले आहे. या गावच्या सुपुत्राने स्त्रीशिक्षणाविषयी मांडलेल्या विचारांची आठवण मात्र जयंती-पुण्यतिथीपुरती उरली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींसाठी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. त्या निर्णयाचे मोल जोखताना आगरकरांकडे वळणे अगत्याचे आहे.

मुलींना शिकवावे की नाही, हा वाद कधीच निकालात निघाला. त्याहून चिवट ठरला तो दुसरा वाद : कशासाठी शिकवावे? फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो याने १७६२ सालच्या ‘एमिल’ या ग्रंथात मुलग्याला स्वतंत्र बुद्धीचा माणूस म्हणून घडविले. पण त्याच ग्रंथातील सोफीचे शिक्षण पतीला अनुरूप सहचारिणी मिळावी एवढ्यापुरतेच ठेवले. मेरी वुलस्टनक्राफ्ट या इंग्रज विदुषीने १७९२ साली त्याला उत्तर दिले : विवेकशक्ती जर स्त्री-पुरुष दोघांना सारखीच मिळाली आहे, तर तिच्या मशागतीत भेद करण्यास आधार कोणता?

पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा हाच वाद मराठीत अवतरला. मुलींना इंग्रजी व उच्च विषय कशाला, संसारास उपयोगी पडेल तेवढे शिक्षण पुरे, असा टिळकपक्षाचा सूर होता. मिल आणि स्पेन्सर यांचे अभ्यासक असलेल्या आगरकरांनी याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. त्यांच्या प्रतिपादनाचे दोन भाग पडतात. पहिला असा की, मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावे. दुसरा असा की, स्त्रीला चरितार्थ चालविता येईल असे शिक्षण मिळावे. कारण पोटासाठी जिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, तिचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

यांपैकी पहिला भाग समाजाने स्वीकारला. दुसरा अद्याप अपुराच आहे. श्रमशक्तीच्या नियतकालिक पाहणीनुसार देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. आकडा सुखावणारा खरा; परंतु काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. काम वाढले, पण हातात येणारा पैसा त्या प्रमाणात वाढला, असे म्हणता येत नाही.

आगरकरांच्या विचारालाही येथे एक पुरवणी जोडावी लागते. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः पांढरपेशा घरातील परावलंबी स्त्री, विशेषतः विधवा होती. कृष्णा-तारळीच्या खोऱ्यातील शेतकरी स्त्रीला श्रम कधीच परके नव्हते. परकी होती ती त्या श्रमाची कमाई.

शुल्कमाफीने शिक्षणाची किंमत कमी होते. शिक्षणाचा हेतू बदलत नाही. कुटुंबाचा हिशेब निराळाच असतो. मुलीची मिळकत उद्या दुसऱ्या घरी जाणार आणि लग्नाचा खर्च मात्र या घराने करावयाचा, अशी ज्या घराची समजूत आहे, तेथे पदवी ही चांगले स्थळ मिळविण्याची पात्रता ठरते. मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेते आणि ती पदवी सासरच्या कपाटात जाऊन पडते. शुल्क शासन भरते, पाठ्यक्रम आधुनिक असतो, प्रयोजन मात्र रूसोच्या सोफीचेच राहते.

यावर उपाय केवळ उपदेशाचा नाही. उंब्रजपासून जवळच, महामार्गालगत तासवडेची औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी मुलीने नोकरी धरावी असे वाटत असेल, तर पाळी सुटल्यावर गावी पोहोचविणारी गाडी हवी, कराड-साताऱ्यात नोकरदार स्त्रियांसाठी परवडणारी वसतिगृहे हवीत, लहान मुलांसाठी पाळणाघरे हवीत. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा मोफत पास देऊन शासनाने शाळेची वाट सोपी केली. कामाची वाट तितकीच सोपी करण्याचे काम उरले आहे. शुल्कमाफीचे यश प्रवेशांच्या संख्येवर न मोजता, पदवीनंतर पाच वर्षांनी किती मुलींच्या हाती स्वतःचे वेतन येते यावर मोजले जावे.

आगरकर १८९५ साली, वयाची चाळिशीही न गाठता गेले. सकाळच्या गाडीने शिकावयास जाणारी मुलगी त्यांच्या पहिल्या धड्याचे फळ आहे. तीच मुलगी काही वर्षांनी संध्याकाळच्या गाडीने कामावरून परतू लागेल, तेव्हा दुसरा धडाही पुरा झाला असे म्हणता येईल.